एक ईएमएमसी, दोन वापरकर्ते : यूईएफआय व्हेरिएबलच्या साठवणुकीसंबंधी प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

औद्योगिक गेटवेच्या नव्या बोर्डावर साठवणुकीसाठी ईएमएमसीची, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या फ्लॅश मेमरीची, एकच चिप आहे. प्रोसेसरचा बूट रॉम पहिला टप्पा तिथूनच उचलतो, यू-बूट (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारे फर्मवेअर) तिथेच आहे, ईएफआय सिस्टीम पार्टिशन (बूटच्या फाइलींचा भाग), लिनक्सची मूळ फाइल सिस्टीम आणि ग्राहकाचा डेटाही तिथेच आहे. बोर्ड यूईएफआय, म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातील प्रमाणित दुव्याच्या, पद्धतीने बूट व्हावा आणि त्यावर कोणतेही नेहमीचे लिनक्स वितरण विशेष खटाटोप न करता बसवता यावे, अशी मागणी असल्यामुळे यू-बूटमधील यूईएफआयचा भाग वापरायचे आधीच ठरले आहे. या नोंदी त्या कामातील एकाच प्रश्नापुरत्या आहेत: फर्मवेअरच्या ज्या सेटिंग्ज वीज गेल्यावरही टिकायला हव्यात, त्या कुठे ठेवायच्या आणि त्या लिहायच्या कोणी.

यूईएफआयमध्ये या सेटिंग्जना व्हेरिएबल म्हणतात. ‘बूट-ऑर्डर’ ही १६ बिटांच्या क्रमांकांची यादी असते आणि त्यातील प्रत्येक क्रमांकामागे कोणती फाइल कोणत्या पार्टिशनवरून चालवायची हे सांगणारे आणखी एक व्हेरिएबल असते. ‘बूट-नेक्स्ट’ फक्त पुढच्या एका बूटपुरते असते. ‘ओएस-इंडिकेशन्स’मधून ऑपरेटिंग सिस्टीम फर्मवेअरला निरोप देते. सिक्युअर बूटच्या (फक्त सही तपासलेला कोड चालू देणाऱ्या व्यवस्थेच्या) पीके, केईके, डीबी (मान्य सह्या) आणि डीबीएक्स (रद्द सह्या) या चार साठ्यांत सगळ्या विश्वासाचे मूळ असते. घरगुती पीसीवर हे सारे मदरबोर्डावरील, एसपीआय बसवर जोडलेल्या वेगळ्या नॉर फ्लॅश चिपमध्ये राहते. तिथे लिहिण्याचा अधिकार चिपसेटच्या कुलपांनी सिस्टीम मॅनेजमेंट मोडपुरता (प्रोसेसरच्या, ऑपरेटिंग सिस्टीमपासून लपलेल्या अवस्थेपुरता) राखता येतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीमला ती चिप स्वतःची म्हणून वापरण्याचे कारणच पडत नाही. आमच्या बोर्डावर नेमकी ही वेगळी चिप नाही.

५ मार्च

‘सेट-व्हेरिएबल’ ही रनटाइम सेवा आहे, म्हणजे कर्नल चालू झाल्यानंतरही ती फर्मवेअरकडून मागता यावी अशी तिची कल्पना आहे. कर्नल ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ पुकारतो तेव्हा फर्मवेअरचे बहुतेक सगळे चंबूगबाळे आवरले जाते आणि मेमरीत फक्त रनटाइमसाठी राखलेला कोड व डेटा उरतो. त्या उरलेल्या कोडने ईएमएमसीवर लिहायचे म्हटले तर ईएमएमसीला आदेश पाठवणारा नियंत्रक त्याच्या ताब्यात हवा, आणि तो तर त्याच क्षणापासून लिनक्सच्या ड्रायव्हरचा असतो.

हार्डवेअरच्या सहकाऱ्यांनी विचारले की दोघांनी आळीपाळीने वापरला तर काय बिघडते, म्हणून उत्तर सविस्तर लिहून ठेवतो. ईएमएमसी कार्ड स्वतःची अवस्था बाळगते: कोणते पार्टिशन निवडलेले आहे, कोणता आदेश चालू आहे, आदेशांची रांग वापरात आहे की नाही. लिनक्सचा ड्रायव्हर या अवस्थेची नोंद आपल्या मेमरीत ठेवतो आणि ती खरी आहे असे धरूनच पुढचा आदेश पाठवतो. मध्येच फर्मवेअरने दुसरा आदेश दिला तर ही नोंद खोटी ठरते आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरे असे की काम नसताना लिनक्स नियंत्रकाचे घड्याळ बंद करतो. घड्याळ बंद असलेल्या उपकरणाच्या रजिस्टरला हात लावला तर कित्येक आर्म प्रोसेसरांवर बस त्रुटी येते किंवा बस तिथेच अडकते, आणि हे फर्मवेअरच्या कोडमध्ये घडल्यामुळे कर्नलला सावरण्याची संधी फारशी मिळत नाही. घड्याळे, व्होल्टेज, पिनची जुळवणी, डीएमए आणि इंटरप्ट यांपैकी एकाचीही सामायिक कुलूपव्यवस्था फर्मवेअर व कर्नल यांच्यामध्ये नाही, आणि यूईएफआयच्या मानकात तशी तरतूदही नाही.

तेव्हा साठवण कुठे असावी हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. त्या क्षणी नियंत्रक कोणाच्या मालकीचा आहे, हे आधी ठरते आणि जो मालक असेल त्यालाच लिहावे लागते. पुढचे सगळे पर्याय याच कसोटीवर तपासणार आहे.

छोट्या आर्म बोर्डांसाठी लिहिलेल्या ईबीबीआर या विनिर्देशात ही अडचण मान्य केलेली आहे. रनटाइममध्ये लिहिणे शक्य नसेल तर ‘सेट-व्हेरिएबल’ने ‘अनसपोर्टेड’ असे उत्तर द्यावे आणि कोणत्या रनटाइम सेवा उपलब्ध आहेत हे फर्मवेअरने एका तक्त्यात आधीच जाहीर करावे, अशी सोय आहे. म्हणजे काहीही न करता बसलो तरी बोर्ड नियमांत बसेल. फक्त लिनक्समधून बूटचा क्रम बदलणारे ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ चालणार नाही, वितरणाचा इन्स्टॉलर शेवटच्या पायरीवर तक्रार करील, आणि फर्मवेअरला नेहमी ठरावीक जागेवरील पर्यायी बूट फाइलवरच विसंबून राहावे लागेल.

१० मार्च

वेगळी एसपीआय नॉर चिप बसवण्याचा पर्याय आज तपासला. किंमत फार नाही, पण या आवृत्तीत बोर्डावर जागा नाही आणि प्रोसेसरचा मोकळा असलेला एकमेव एसपीआय नियंत्रक सेन्सरच्या मॉड्यूलला दिलेला आहे. हे दुसरे कारण पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे. नॉर चिप त्याच बसवर जोडली तर चिप वेगळी असूनही नियंत्रक सामायिकच राहील आणि ५ तारखेच्या नोंदीतील प्रत्येक अडचण जशीच्या तशी परत येईल. रास्पबेरी पाय ४ वर बूटलोडरची चिप एसपीआयवर वेगळी आहे, पण तिच्या काही पिना अॅनालॉग आवाजाच्या सर्किटशी सामायिक आहेत, आणि त्यामुळे चालू लिनक्समधून ती थेट लिहायची तर आधी आवाजाची व्यवस्था बाजूला करावी लागते. त्याच बोर्डासाठीच्या ईडीके-टू या खुल्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये व्हेरिएबल तर एसडी कार्डावरील फर्मवेअरच्या फाइलमध्येच ठेवतात आणि ती फाइल कर्नल सुरू होण्यापूर्वीच लिहिली जाते. लिनक्समधून केलेला बदल पुढच्या बूटला शिल्लक राहत नाही.

नॉर आता वापरायची नसली तरी तिच्यासाठी ईडीके-टूने केलेली रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण आपण फाइलमध्ये लिहिणार असलो तर नेमके काय गमावतो ते तिच्यावरून कळते. नॉर फ्लॅशमध्ये बिट १ वरून ० करणे केव्हाही शक्य असते, पण ० वरून १ करायचे तर सबंध सेक्टर पुसावा लागतो. म्हणून प्रत्येक व्हेरिएबलच्या मथळ्यात अवस्थेचा एक बाइट ठेवलेला असतो आणि त्यातील बिट एकेक करून शून्य केले जातात: आधी मथळा वैध, मग डेटा पूर्ण, पुढे ‘हटवण्याच्या मार्गावर’, शेवटी ‘हटवलेले’. नवे मूल्य लिहिताना जुने आधी ‘हटवण्याच्या मार्गावर’ या अवस्थेत जाते, मग नवे पूर्ण लिहिले जाते, आणि त्यानंतरच जुने खऱ्या अर्थाने रद्द होते. मध्ये कुठेही वीज गेली तरी जुने किंवा नवे यांपैकी एक मूल्य शाबूत राहते. साठा भरला की उपयोगाची व्हेरिएबल गोळा करून सेक्टर नव्याने लिहिला जातो आणि त्या वेळेच्या सुरक्षिततेसाठी राखीव जागा असते. क्यूईएमयू या आभासी यंत्रात चालणाऱ्या ओव्हीएमएफ फर्मवेअरच्या २ एमबी आवृत्तीत व्हेरिएबलच्या १२८ केबी भागापैकी ५६ केबी प्रत्यक्ष साठा आहे आणि ६४ केबी निव्वळ या राखीव प्रतीसाठी आहे. निम्मी जागा वीज जाण्याच्या शक्यतेवर खर्च केलेली आहे, आणि ती मला उधळपट्टी वाटत नाही.

१२ मार्च

या आवृत्तीत नॉर चिप बसवायची नाही, हे हार्डवेअरच्या बैठकीत नक्की झाले.

१७ मार्च

आता आरपीएमबी. ईएमएमसीच्या ४.४ आवृत्तीपासून मानकात असलेले हे एक छोटे स्वतंत्र पार्टिशन आहे. त्याचा आकार १२८ केबीच्या पटीत असतो. नेहमीच्या वाचन-लेखनाच्या आदेशांनी त्यात शिरता येत नाही. ५१२ बाइटांच्या चौकटीत २५६ बाइट डेटा, ३२ बाइटांची सही, १६ बाइटांचा यादृच्छिक अंक, ४ बाइटांचा लेखन-गणक आणि इतर माहिती भरून पाठवावी लागते. सही ३२ बाइटांच्या गुप्त किल्लीवरून एचमॅक-शा-२५६ पद्धतीने काढलेली असते. गणक प्रत्येक यशस्वी लेखनागणिक पुढेच सरकतो, त्यामुळे कोणी जुनी चौकट जपून ठेवून ती पुन्हा पाठवली तर कार्ड ती नाकारते. किल्ली कार्डात एकदाच लिहिता येते. नंतर ती वाचताही येत नाही आणि बदलताही येत नाही.

व्हेरिएबलसाठी याचा उपयोग असा करतात: ईडीके-टूमधील व्हेरिएबल सांभाळणारा भाग ‘स्टँडअलोन एमएम’ या नावाने आर्मच्या सुरक्षित विश्वात (प्रोसेसरच्या, लिनक्सला बंद असलेल्या भागात), ऑप-टी या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत चालवायचा, किल्ली फक्त ऑप-टीला ठाऊक असते, यू-बूट व्हेरिएबलची प्रत्येक मागणी तिकडे पाठवते. सही तपासणे, सिक्युअर बूटच्या साठ्यांचे नियम पाळणे, हे सारे लिनक्सच्या आवाक्याबाहेर घडते. कागदावर हे पीसीच्या व्यवस्थेच्या सगळ्यांत जवळ जाते.

पण ईएमएमसीचा नियंत्रक ऑप-टीकडेही नाही. ऑप-टी चौकट तयार करते, तिच्यावर सही करते आणि ती कार्डापर्यंत पोचवण्याची विनंती असुरक्षित बाजूला करते. बूट होत असताना ही ने-आण यू-बूट करते. लिनक्स चालू झाल्यावर ती ‘टी-सप्लिकंट’ नावाच्या, साध्या वापरकर्ता पातळीवर चालणाऱ्या प्रक्रियेकडे जाते. लिनक्स इथे टपालवाल्यासारखा आहे: पाकीट मोहोरबंद असल्यामुळे त्याला आतला मजकूर बदलता येत नाही, मात्र पाकीट न पोचवणे त्याच्या हातात आहे. त्यामुळे आरपीएमबीने विश्वासाचा प्रश्न सुटतो. मालकीचा प्रश्न तसाच राहतो, आणि लिहिणारा हात अखेर ऑपरेटिंग सिस्टीमचाच असतो.

२४ मार्च

आरपीएमबीची जुळवणी विकास-बोर्डावर चाचणीच्या किल्लीने चालवून पाहिली. यू-बूटमध्ये असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. लिनक्समध्ये कर्नल ६.८ पासून आलेला ड्रायव्हर वापरावा लागतो; तो फर्मवेअरची ‘सेट-व्हेरिएबल’ सेवा बाजूला सारून व्हेरिएबलच्या मागण्या थेट ऑप-टीकडे वळवतो. गुंता क्रमाचा आहे. सप्लिकंट सुरू होईपर्यंत लेखन होऊ शकत नाही, आणि बंद होताना सप्लिकंट आधी मारला गेला व ड्रायव्हर नंतर निघाला तर शेवटची मागणी कोणी पोचवायची हाच प्रश्न उरतो व यंत्र बंद होता होता लटकते. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टम-डीच्या युनिट फाइलमध्ये क्रम लिहून हे टाळता येते, पण ग्राहक स्वतःचे वितरण बसवणार आहे आणि त्याच्या युनिट फाइली आमच्या हातात नाहीत.

कर्नल ६.१२ मध्ये आरपीएमबीसाठी स्वतंत्र उपप्रणाली आली असून साजेशी ऑप-टी असल्यास चौकटी कर्नलच परस्पर पोचवतो आणि सप्लिकंटची गरज राहत नाही. दिशा योग्य आहे. परंतु ग्राहकांच्या यादीतील वितरणांपैकी सगळ्यांचे कर्नल तेवढे नवे नाहीत.

यापेक्षा मोठा अडसर कारखान्यातला आहे. प्रत्येक कार्डात किल्ली एकदाच लिहायची आहे. ती प्रोसेसरच्या स्वतःच्या गुप्त ओळखीवरून काढलेली असेल तर कार्ड आणि प्रोसेसर यांची जोडी कायमची बांधली जाते, आणि दुरुस्तीत नुसता प्रोसेसर बदलला तरी जुने कार्ड आरपीएमबीपुरते निकामी होते. शिवाय किल्ली लिहिणारा ऑप-टीचा पर्याय उत्पादनाच्या बिल्डमध्ये चालू राहिला तर तो कोऱ्या कार्डाला किल्ली बिनसुरक्षित मार्गाने सांगतो, म्हणून तो फक्त कारखान्यातील प्रतिमेतच हवा. यासाठीची कार्यपद्धती, जबाबदार व्यक्ती आणि तपासणी यांपैकी आज काहीही ठरलेले नाही. पहिल्या उत्पादनासाठी आरपीएमबी घेऊ नये, असे मी लेखी सुचवले आहे.

१ एप्रिल

उरलेला मार्ग यू-बूटमधील फाइलचा. ईएफआय सिस्टीम पार्टिशनच्या मुळाशी ‘यूबूट-ईएफआय डॉट व्हार’ अशी एक फाइल असते. तिच्यात मथळा, लांबी, सीआरसी-३२ (मजकूर बिघडला का ते ओळखणारा अंक) आणि त्यामागे ओळीने सगळी टिकाऊ व्हेरिएबल असतात. बूट होताना यू-बूट ती वाचून मेमरीत साठा तयार करते. सीआरसी जुळली नाही तर फाइलच सोडून देते. बूट सेवा चालू असेपर्यंत बदल झाल्यास ती पुन्हा लिहिते, कारण तोवर नियंत्रक यू-बूटचाच असतो.

कर्नल सुरू झाल्यानंतरसाठी २०२४ मध्ये यू-बूटमध्ये जी सोय आली ती मला या सगळ्या विषयातील सर्वांत प्रामाणिक रचना वाटते. फर्मवेअर ‘सेट-व्हेरिएबल’ नाकारत नाही. ते बदल फक्त मेमरीतील साठ्यात करते आणि तसे उघड सांगते. त्यासाठी दोन खास व्हेरिएबल असतात. ‘आरटी-स्टोरेज-व्होलाटाइल’मध्ये कोणती फाइल लिहायची तिचे नाव असते आणि ‘व्हार-टू-फाइल’ वाचले की त्या क्षणाचा सबंध साठा, सीआरसीसह, फाइलमध्ये उतरवण्याजोग्या रूपात मिळतो. लिहिण्याचे काम लिनक्सने आपल्या ड्रायव्हरने, आपल्या फाइल सिस्टीममधून करायचे. मजकूर फर्मवेअरचा, हात मालकाचा.

प्रत्यक्षात, व्हेरिएबल फाइलींसारखी दाखवणाऱ्या लिनक्सच्या ईएफआय-व्हार-एफएसमधून ‘व्हार-टू-फाइल’ वाचायचे आणि पहिले ४ बाइट वगळून उरलेले फाइलमध्ये टाकायचे; ते ४ बाइट व्हेरिएबलच्या गुणधर्मांचे असतात व लिनक्स ते प्रत्येक व्हेरिएबलच्या पुढे जोडतो. हे वगळायचे राहिले तर फाइल चार बाइटांनी सरकते, यू-बूटला मथळा ओळखू येत नाही आणि सगळ्या सेटिंग्ज मुकाट्याने मूळपदावर जातात. म्हणून आमची लहान सेवा लिहिण्यापूर्वी मथळा व सीआरसी स्वतः तपासते.

एक बाब इथेच नोंदवतो. गेटवेवर ६.१२ चा कर्नल प्रीएम्प्ट-आरटी (ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देण्याची सोय) चालू करून वापरायचा आहे, आणि तशा कर्नलमध्ये यूईएफआयच्या रनटाइम सेवा मुळात बंद असतात, कारण फर्मवेअरच्या आत गेलेली हाक किती वेळ घेईल याची हमी कर्नल देऊ शकत नाही. कर्नलच्या बूट ओळीत त्या मुद्दाम चालू कराव्या लागतात. आमच्या रचनेत ही हाक मेमरीतून मेमरीत नक्कल करण्यापलीकडे काही करत नसल्यामुळे मला ते मान्य आहे. फ्लॅशचा सेक्टर पुसणारे फर्मवेअर असते तर मी ते केले नसते.

४ एप्रिल

रिलेने वीज तोडण्याची चाचणी दिवसभर चालली. सेवा आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहिते, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करते आणि मग नाव बदलते. एक्सट-४ वर ही नेहमीची सुरक्षित पद्धत आहे, पण सिस्टीम पार्टिशन फॅट असते आणि फॅटला जर्नल (अर्धवट बदल सावरणारी नोंदवही) नसते. नाव बदलणे म्हणजे तिथे डिरेक्टरीतील दोन नोंदींचे फेरफार, आणि वीज त्यांच्यामध्ये जाऊ शकते. तशा काही प्रसंगी दोन्ही नावे एकाच क्लस्टर-साखळीकडे निर्देश करताना सापडली. यू-बूटने फाइल व्यवस्थित वाचली, पण पुढे त्यांपैकी एक नाव पुसले असते तर दुसऱ्याच्या पायाखालची जमीन गेली असती. म्हणून बूट होताना लिनक्सने सिस्टीम पार्टिशन जोडण्यापूर्वी फॅटची तपासणी सक्तीची केली आहे. १० मार्चच्या नोंदीतील नॉरच्या रचनेशी तुलना केली तर हे ठिगळच आहे.

सिस्टीम पार्टिशन एरवी केवळ वाचनासाठी जोडलेले असावे आणि सेवेने लिहिण्यापुरतेच ते लेखनयोग्य करावे, हेही आज घातले.

११ एप्रिल

फाइलचे दोन लेखक आहेत: कर्नलच्या आधी यू-बूट आणि नंतर लिनक्स. त्यांच्या वेळा एकमेकांत मिसळत नाहीत असे आपण धरतो, पण हायबरनेशनमध्ये (मेमरी डिस्कवर उतरवून यंत्र बंद करताना) ते खरे नसते. लिनक्स सिस्टीम पार्टिशन जोडलेले असतानाच झोपी गेला तर त्याच्या मेमरीतील फॅटचा तक्ता त्याच्यासोबत गोठतो. यंत्र पुन्हा चालू होताना यू-बूटने फाइल लिहिली, नवा क्लस्टर घेतला, आणि मग लिनक्स जागा होऊन आपला जुना तक्ता खरा मानून लिहू लागला, तर दोघांनी एकच क्लस्टर वेगवेगळ्या फाइलींना दिलेला असू शकतो. आणि यू-बूटला लिहिण्याचे निमित्त हमखास असते: ‘बूट-नेक्स्ट’ असेल तर नियंत्रण पुढे सोपवण्यापूर्वी ते हटवणे मानकानुसार बूट व्यवस्थापकाला बंधनकारक आहे, नाहीतर एकदाच व्हायचे ते बूट पुन्हा पुन्हा होत राहील.

गेटवेला हायबरनेशनची गरज नाही, म्हणून आमच्या कर्नलमधून ते काढून टाकले. ग्राहकांच्या वितरणासाठी हस्तपुस्तिकेत स्पष्ट सूचना घातली.

१६ एप्रिल

सुरक्षेचा आढावा. ही फाइल कोणत्याही रूट वापरकर्त्याला बदलता येते आणि कार्ड काढून दुसऱ्या यंत्रावरही बदलता येते. सीआरसी अपघात ओळखते, हेतू ओळखत नाही. यू-बूटच्या लेखकांनी हे जाणून पीके, केईके, डीबी आणि डीबीएक्स या फाइलमधून स्वीकारायचेच नाहीत असा नियम ठेवला आहे. ते फर्मवेअरच्या बायनरीत आधीच भरून द्यावे लागतात. परिणामी डीबीएक्समध्ये एखादी सही रद्द करायची असली तरी सबंध फर्मवेअर नवे द्यावे लागेल. गैरसोय आहे, पण स्वच्छ आहे.

इथवर सगळे समाधानकारक वाटते, आणि धोका नेमका इथेच दडलेला आहे. बहुतेक मोठी वितरणे सिक्युअर बूटसाठी ‘शिम’ हा फर्मवेअर आणि बूटलोडर यांच्यामधला छोटा प्रोग्राम वापरतात. शिम यंत्राच्या मालकाने नोंदवलेल्या किल्ल्या ‘मॉक-लिस्ट’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. त्यावर सहीचे संरक्षण नसते. त्याचे संरक्षण एवढेच की त्याला ‘फक्त बूट सेवांसाठी’ असा गुणधर्म असतो: कर्नल सुरू झाल्यावर ते रनटाइममधून लिहिता येत नाही, म्हणून नवी किल्ली घालायची तर कोणीतरी पडद्यासमोर बसून बूटच्या वेळी ती मान्य करावी लागते. पीसीवर हे पुरते, कारण नॉर फ्लॅशकडे जाणारी दुसरी वाट लिनक्सला नसते. आमच्याकडे दुसरी वाट राजरोस उघडी आहे. रूटने फाइल उघडावी, ‘मॉक-लिस्ट’मध्ये स्वतःची किल्ली घालावी, सीआरसी नव्याने काढून लिहावी, पुढच्या बूटला यू-बूट ती विनातक्रार वाचणार आणि शिम त्या किल्लीने सही केलेले काहीही चालू देणार. शिम आणि ग्रब बूटलोडर यांच्या जुन्या आवृत्त्या अडवणारी ‘एसबॅट’ची पातळीही अशाच व्हेरिएबलमध्ये असते, ती पुसून मागे नेता येईल.

यात यू-बूटचा दोष नाही आणि शिमचाही नाही. शिमने गृहीत धरले की ऑपरेटिंग सिस्टीमला साठवणुकीपर्यंत पोचता येत नाही, आणि सामायिक हार्डवेअरवर ते गृहीतच उरत नाही. निर्णय असा: सिक्युअर बूट चालू असलेल्या बोर्डांवर शिमची सही डीबीमध्ये ठेवायची नाही, कर्नल आणि इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी फाइल सिस्टीम) एकत्र बांधलेली प्रतिमा आमच्या किल्लीने सही करून यू-बूटने थेट चालवायची. ज्या ग्राहकाला आयते वितरण शिमसह हवे असेल त्याला सिक्युअर बूट बंद ठेवून बोर्ड दिला जाईल आणि त्याचे कारण लेखी सांगितले जाईल. ‘सिक्युअर बूट चालू आहे’ असे पडद्यावर दाखवून आतून पोकळ असण्यापेक्षा हे बरे. विक्री विभागाला ते आवडलेले नाही.

बूटच्या क्रमाबाबत मात्र मी निश्चिंत आहे. कोणी फाइलमध्ये ‘बूट-ऑर्डर’ बदलली तरी सही नसलेली प्रतिमा चालणार नाही. जास्तीत जास्त बोर्ड जुन्या पण सही असलेल्या प्रतिमेवर जाईल. ते रोखण्यासाठी जुन्या प्रतिमांच्या सह्या डीबीएक्समध्ये, म्हणजे पुन्हा फर्मवेअरमध्येच, रद्द करत जाव्या लागतील.

२३ एप्रिल

कॅप्सूल, म्हणजे अद्यतनाच्या बांधलेल्या फाइलीच्या, पद्धतीने फर्मवेअर अद्ययावत करणे तपासले. सिस्टीम पार्टिशनवर कॅप्सूलची फाइल ठेवायची आणि ‘ओएस-इंडिकेशन्स’मधील संबंधित बिट लावून बोर्ड पुन्हा चालू करायचा, ही नेहमीची रीत. रनटाइममध्ये व्हेरिएबल टिकत नसलेल्या बोर्डांसाठी यू-बूटमध्ये हा बिट न पाहता कॅप्सूल स्वीकारण्याचा पर्याय आहे, म्हणजे ही अडचण इतरांनाही आलेली आहे. आमची सेवा बिट टिकवू शकत असल्यामुळे तो पर्याय बंदच ठेवला. कॅप्सूल सापडली की उचलायची, हे शेतातल्या पंपघरात किंवा कारखान्याच्या छपरावर बसवलेल्या यंत्रासाठी मला फार सैल वाटते, सही तपासली जात असली तरीही.

ईएफआय-व्हार-एफएसमधील बहुतेक फाइलींवर लिनक्स ४.५ पासून बदल-निषिद्ध खूण लावतो, कारण २०१६ मध्ये कोणीतरी सबंध मूळ डिरेक्टरी पुसताना व्हेरिएबलही पुसली गेली आणि तो लॅपटॉप सुरूच होईना. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये ती खूण आधी काढावी लागते. ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ ते स्वतः करते.

६ मे

अ-ब पद्धतीच्या (दोन प्रती आलटून-पालटून वापरणाऱ्या) अद्यतनासाठी अयशस्वी बूटची गणना ठेवायची आहे. ती व्हेरिएबलमध्ये ठेवली तर प्रत्येक बूटला फॅटवर लेखन होईल आणि ४ एप्रिलच्या चाचणीतली उघडी फट रोज वापरात येईल. ही गणना आरटीसीच्या (घड्याळाच्या चिपच्या) बॅटरीवर चालणाऱ्या रजिस्टरमध्ये हलवली. यू-बूटमध्ये त्यासाठी ड्रायव्हर आहे. आरटीसीची चिप आय-टू-सी बसवर आहे आणि तो नियंत्रकही कर्नलनंतर लिनक्सचा होतो, म्हणून इथेही तोच नियम लावला: वाढवणारा यू-बूट, कर्नलच्या आधी, शून्यावर आणणारा लिनक्स, आपल्या ड्रायव्हरने. रनटाइम सेवांमधील घड्याळाची सेवा याच कारणासाठी जाहीरच केलेली नाही.

१४ मे

पुढच्या आवृत्तीसाठी हार्डवेअरकडे दोन मागण्या पाठवल्या. नॉर चिपसाठी जागा, आणि तिचा एसपीआय नियंत्रक असा निवडावा की ज्याची रजिस्टरे प्रोसेसरच्या सुरक्षा-विभाजनाने सुरक्षित विश्वापुरती मर्यादित करता येतील. त्याच बसवर दुसरे काहीही जोडू नये. तसे झाले तर स्टँडअलोन एमएम थेट नॉरवर लिहील, टपालवाला मधून जाईल, आणि शिमचा प्रश्न नव्याने विचारात घेता येईल. डिव्हाइस ट्रीमधून (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनातून) तो नियंत्रक लिनक्सला दाखवायचा नाही, ही सूचना बोर्डाच्या आराखड्यावरच लिहून दिली आहे.

आरपीएमबीची किल्ली सध्याच्या बोर्डांत लिहायची नाही. कोरी राहिलेली किल्ली पुढे केव्हाही लिहिता येते, लिहिलेली मागे घेता येत नाही. कारखान्याच्या चाचणी-यादीत ‘आरपीएमबी किल्ली कोरी असल्याची खात्री’ ही ओळ वाढवली असून पहिल्या तुकडीपासून ती तपासली जाईल.